झू-पार्टी आणि हत्तिणीचा पिक्चर

आमच्या गटाचे किस्से किती झालेत, ते आता मलाच आठवत नाही. एक सांगायला बसलो की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागं तिसरा. बायको म्हणते, "तुम्हा लोकांना जे काही होतं ते सगळं जनावरांसमोरच कसं काय हो होतं?" होतं खरं तसंच!

उमरग्याच्या स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. आम्हा चार-पाच जणांना तरुणपणापासून एकच नाद, झू बघायचा. दरवर्षी थंडी पडली की हैदराबादला जायचं, दिवसभर वाघ-सिंह बघायचे आणि घरी यायचं. गाव हायवेवरच. पहाटे निघालं की उन्हं चढायच्या आत झूच्या गेटावर! स्टँडवरचा हॉटेलवाला आम्हाला "जनावर पार्टी" म्हणायचा. आमच्यातल्या सुशीलाबाई, म्हणजे झेडपीच्या शाळेतल्या रिटायर्ड बाई, त्याच्यावर अशा काही डाफरल्या की दुसऱ्या दिवसापासून आम्ही "झू-पार्टी" झालो.

मध्यंतरी एक हिंदी पिक्चर आला. अख्खा पिक्चर एका झूमधला. आई जनावरांची डॉक्टर, बाप तिकीट खिडकीवर, दोन पोरं आणि एक म्हातारी हत्तीण. एकदम फॅमिली पिक्चर. गावात पोस्टर लागलं आणि आमच्यातला प्रत्येक जण दुसऱ्याला फोन लावत सुटला. अर्धा तास सगळ्यांचेच फोन बिझी!

* * *

दुपारच्या शोला गेलो, तर थेटरात फक्त आम्हीच. मॅनेजर म्हणाला, "एवढ्या माणसांवर मशीन चालू करत न्हाय. माणसं आणा, न्हायतर घरी जावा."

आमच्यात एक महादप्पा आहेत. किराण्याचे व्यापारी, घरात कानडी, दुकानात मराठी. ते म्हणाले, "थांबा जरा." आणि बाहेर गेले.

हायवेवर एका वऱ्हाडाची गाडी बंद पडली होती. लग्न लावून कर्नाटकात परत चाललेली मंडळी झाडाखाली घाम पुसत बसली होती. महादप्पा त्यांच्याशी कानडीत काय बोलले देव जाणे, पण सगळं वऱ्हाड थेटरात! नवरा-नवरी सुद्धा. कपाळाला बाशिंग तसंच.

मी विचारलं, "काय सांगितलंत त्यांना?"

"काय सांगायचं? आत पंखा हाय, बसायला खुर्ची हाय, आन् हत्ती हाय."

इंटरव्हलला नवरदेवाचा मामा आला. "गाडी झाली नीट. चला, चला!" मंडळी उठायला लागली. तेवढ्यात नवरी खाली बघत हळूच काहीतरी बोलली आणि सगळे जागच्या जागी थांबले. महादप्पांनी आम्हाला मराठीत सांगितलं, "म्हणतीय, हत्तीचं काय झालं ते बघून जाऊ."

लग्न लागल्यापासून ती सासरच्या माणसांशी बोललेलं हे पहिलं वाक्य म्हणे! मामानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा पडद्याकडं बघितलं, आणि स्वतःसाठी खुर्ची पुसली.

* * *

आमचे कांबळे डॉक्टर जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेले. गुरांचे डॉक्टर पिक्चरमध्ये कधी दाखवत नाहीत, ही त्यांची जन्माची तक्रार. त्यामुळं हिरॉइनच जनावरांची डॉक्टर म्हटल्यावर ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

पडद्यावर हरीण आजारी पडलं. हिरॉइननं इंजेक्शन भरलं. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "अहो ताई, तिथं नाही! मानेला घ्या, मानेला!"

थेटर हसायला लागलं. बॅटरीवाला अंधारातून तरातरा आला. आता डॉक्टरांना बाहेर काढतो की काय, असं आम्हाला वाटलं. तो वाकून डॉक्टरांच्या कानाशी म्हणाला, "साहेब, जरा हळू बोला." आणि तिथंच उकिडवा बसला. "आन् साहेब, आमची म्हैस परवापासनं वैरणीला तोंड लावंना."

"रवंथ करतीय का?"

"न्हाय."

"पोट फुगलंय?"

"व्हय, डाव्या अंगाला."

झालं! डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात तिकिटाच्या मागं औषध लिहून दिलं. मग मागच्या रांगेतून एकानं शेळीचं विचारलं. पिक्चरमधल्या त्या हरणाचं पुढं काय झालं ते डॉक्टरांना त्या दिवशी कळलंच नाही. म्हैस मात्र बरी झाली.

* * *

रफिकभाई ट्रक रंगवतात. उमरग्याच्या हायवेवरून जाणाऱ्या कितीतरी ट्रकांच्या मागं त्यांचे वाघ, मोर, घोडे आहेत. पिक्चरमधला वाघ कॉम्प्युटरवर केलेला होता. तो पडद्यावर आला आणि रफिकभाई जोरात म्हणाले, "ये बाघ नै रे बावा, ये तो रजई है!"

तो वाघ आला की डरकाळी, गेला की डरकाळी. रफिकभाईंना ते अजिबात पटेना. इंटरव्हलला चहा पिताना त्यांनी एक जुनी गोष्ट काढली.

तरुणपणी त्यांच्याकडं एक ट्रकवाला आला. मागच्या फळीवर वाघ पाहिजे म्हणाला. रफिकभाई आमच्याबरोबर झूला आले, ते कागद-पेन्सिल घेऊनच. वाघाच्या पिंजऱ्यासमोर बसून त्यांनी चित्र काढलं, येऊन फळीवर रंगवलं. ट्रकवाला बघून नाराज. "भाई, वाघ लई गरीब दिसाया लागलाय. जरा रागात दाखवा की!"

रफिकभाई म्हणाले, "मियाँ, मैं दोपहर भर उसके सामने बैठा था. उसको गुस्सा आयाच नै!"

त्या ट्रकवाल्यानं तो गरीब वाघ तसाच ठेवला. पुढं नवीन ट्रक घेतला, तेव्हा पुन्हा रफिकभाईंकडं आला आणि म्हणाला, "तसलाच काढा. मागच्या गाड्या हॉर्न कमी वाजवतेत."

* * *

आता माझं. पिक्चरमध्ये एक शेंबडं पोरगं मोबाइल काढतं आणि एका क्लिकमध्ये वाघाचा फोटो घेतं. डोक्यापासून शेपटापर्यंत पूर्ण वाघ! आमची सगळी रांग एकदम वळून माझ्याकडं बघायला लागली.

कारण मी धंद्यानं फोटोग्राफर. अख्ख्या तालुक्याच्या लग्नांचे फोटो काढले. पळणारी पोरं, रडणाऱ्या नवऱ्या, सगळं पकडलं. पण इतक्या वर्षांत माझ्याकडं एक पूर्ण वाघ नाही. रिळाच्या कॅमेऱ्यावर एकदा फक्त शेपूट आलं. फोकस मात्र असा शार्प की केस न् केस मोजून घ्यावा! मी ते मोठं करून, फ्रेम करून स्टुडिओत लावलं.

पासपोर्ट फोटोला आलेल्या एका पाव्हण्यानं विचारलं, "ही दोरी कशाची हो?"

"दोरी नाही. वाघाचं शेपूट आहे."

"मग वाघ कुठाय?"

"पुढं गेला."

"आन् तुमी?"

"मी रीळ भरत होतो!"

पाव्हणा बराच वेळ फ्रेमकडं बघत राहिला. मग खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "माझं तोंड तेवढं नीट घ्या बरं का."

* * *

महादप्पांचं आणि पाणघोड्याचं काय वैर आहे, कळत नाही. त्यांना सगळ्या झूमध्ये तेवढं एकच जनावर बघायचं असतं. दरवर्षी ते तळ्याच्या कठड्याला टेकून उभे राहायचे. आम्ही फिरून यायचो, सावलीत बसून बाईंच्या शेंगाचटणी-भाकरीवर ताव मारायचो, परत यायचो. महादप्पा तिथंच. तळं गप्प.

आणि ते पाणी प्यायला म्हणून नळावर गेले, की ते धूड फुस्स करून वर! एवढा मोठा जबडा उघडणार, सगळ्यांना दाखवणार आणि महादप्पा धावत येईपर्यंत खाली. पाण्यावर नुसते बुडबुडे.

"आत्ता वर आलता!" आम्ही म्हणायचो.

"व्हय, व्हय," महादप्पा म्हणायचे. पण दरवर्षी त्या "व्हय" मधला विश्वास कमी होत चालला होता.

पिक्चरमध्ये पाणघोडा आला. आणि काय सांगू, पूर्ण पडदाभर! तोंड उघडलेलं, दात दिसतायत, पोरं त्याच्या तोंडात कलिंगडं टाकतायत. आम्ही सगळे महादप्पांकडं वळलो. महादप्पा गार हवेत गाढ झोपलेले!

डॉक्टरांनी एका बाजूनं हलवलं, मी दुसऱ्या बाजूनं. "महादप्पा, उठा! पाणघोडा! पाणघोडा!" त्यांनी डोळे चोळले, चष्मा शोधला, लावला, पडद्याकडं बघितलं. पडद्यावर तळं. पाण्यावर बुडबुडे.

महादप्पा शांतपणे म्हणाले, "इल्ला. तुमी सगळे मिळून मला फसवताय. असलं जनावरच नसतंय."

* * *

हल्ली हैदराबादला जाणं कमी झालंय. कुणाचा गुडघा, कुणाचं बायपास, कुणाचा नातू पुण्यात. झूच्या गेटावर पोचलो तरी निम्मे जण पहिल्याच बाकड्यावर बसतात आणि "तुम्ही बघून या, आम्ही हरणं बघतो" म्हणतात. पहिल्या बाकड्यासमोर हरणंच असतात.

पण एक किस्सा सांगायचा राहिला. हा मी फारसा कुणाला सांगत नाही.

आम्हाला इतकी वर्षं हैदराबादला नेणारे होते दत्तूअण्णा. त्यांची वडापची, सीटवर माणसं नेणारी जीप होती. झूच्या गेटावर आम्हाला उतरवलं की बाकीच्यांचे ड्रायव्हर आपापल्या गाडीतच झोपायचे. अण्णा तिकीट काढून सरळ हत्तीकडं. दिवसभर तिथंच. पुढं शुगरनं त्यांचे डोळे गेले. जीप विकली आणि अण्णा सोलापूरजवळ तामलवाडीला मुलाकडं राहायला गेले.

उमरग्यातून तो पिक्चर आठवड्यात उतरला, पण सोलापुरात चालू होता. रफिकभाई म्हणाले, "अण्णा को छोड के देखे अपन. ये ठीक नै हुआ." मग महादप्पांच्या गाडीनं आम्ही तामलवाडीला गेलो. अण्णांची सून बिचकली. "मामा पिक्चर कसा बघणार, काका?"

आतून अण्णाच म्हणाले, "बगायचं काम ह्यांच्याकडं. म्या ऐकतो की!"

सोलापूरच्या थेटरात अण्णांच्या शेजारी सुशीलाबाई बसल्या. बाई म्हणजे कडक काम. वर्गात खोटं बोललेल्या पोराला तासभर उभं करायच्या. चुकून पुढारी खोटं बोलला तर त्यालाही भर सभेत उभं करतील. पिक्चर सुरू झाला आणि बाई अण्णांच्या कानाशी हळू आवाजात सांगायला लागल्या. "आता हत्तीण पाण्यात उतरली. सोंड वर केली. पोरगी तिच्या कानामागं घासतीय." अण्णा लहान पोरासारखे हसत होते. पुढच्या रांगेतला एक जण चिडून मागं वळला. त्यानं अण्णांकडं बघितलं आणि पुन्हा पुढं तोंड करून बसला. नंतर त्यानं एकदाही वळून बघितलं नाही.

पिक्चरच्या शेवटी त्या हत्तिणीला ट्रकमध्ये चढवून लांबच्या जंगलात पाठवतात. तिथं एकही डायलॉग नाही. नुसता ट्रकचा आवाज.

अण्णा म्हणाले, "ट्रक हाय ना बाई? भरलेला हाय. दुसऱ्या गेरवर चाललाय."

"हो."

"कुठं नेत्यात तिला?"

पडद्यावर रिकामी शेड होती. खांबाला साखळी तशीच. दोन पोरं फाटकाला धरून उभी. ट्रक रस्त्यावर बारका बारका होत चाललेला, आणि आवाजही. अण्णांनी मान तिरकी करून कान पडद्याकडं लावला होता. खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"लांब गेली बाई गाडी," ते म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला. पण परत डोळ्यांवर लावला नाही.

"वळली, अण्णा," बाई म्हणाल्या. "गाडी वळली. परत येतीय."

"व्हय?"

"व्हय. पोरं पळत सुटलीत तिच्याकडं."

थेटरात दिवे लागले. आम्ही बाकीचे चौघं आपापल्या चपला शोधत बसलो, ज्या पायातच होत्या. तामलवाडीपर्यंत गाडीत एकटे अण्णाच बोलत होते. हैदराबादच्या हत्तीचं, जीपचं, सगळं जुनं जुनं.

नंतर कधीतरी तो पिक्चर टीव्हीवर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या सुनेचा फोन.

"काका, एक विचारायचं होतं. काल आमी सगळ्यांनी तो पिक्चर बघितला. शेवटाला हत्तीण गेली तशी आमची पोरगी मोठ्यानं रडाया लागली. तर मामांनी तिला मांडीवर घेतलं आन् म्हणले, 'रडू नगं. ह्या टीव्हीवाल्यांनी शेवट कापलाय. थेटरात गाडी वळली होती. आमच्या बाईंनी डोळ्यानं बघितलंय!'"