दहा वेळा 'कम'

हसायचं तर आधीच हसून घ्या. मध्येच हसलात तर मला पुढचं सांगवायचं नाही. एका इंग्रजी क्रियापदापायी मी एका धडधाकट म्हातारीच्या दारात मयतीची माणसं गोळा केली होती. होय, मीच!

साल नव्व्याण्णव. दिल्लीत शिकून मी रत्नागिरीला परत आले होते. डोक्यात एकच वेड, आपल्या माणसांना इंग्रजी बोलतं करायचं! आरे-वारेच्या वाटेवरच्या एका मोहल्ल्यात दुपारचा बायकांचा वर्ग सुरू केला. खरं तर माझ्याबरोबर निनादही यायचा होता. "तू पुढे हो, मी आलोच," असं तो दिल्लीच्या स्टेशनावर म्हणाला, त्याला दीड वर्ष झालं होतं. मी त्याला बारा-बारा पानी पत्रं लिहायची. त्यांत समुद्र असायचा, आंब्याचा मोहोर असायचा, स्त्रीशिक्षण तर असायचंच. फक्त 'ये' एवढं नसायचं.

वर्ग भरायचा रुकय्याच्या पडवीत. तीच सगळ्यांत हुशार. नवरा अश्रफ मस्कतला क्रेन चालवायचा. दोन वर्षांनी मिळणारी सुट्टी या खेपेला साहेबाने पुढे ढकललेली. तो गेल्यावर जन्मलेली मुलगी आता अडीच वर्षांची झाली होती. तिचा बाप म्हणजे भिंतीवरचा फोटो. रोज निजण्याआधी ती त्या फोटोला सलाम करायची.

त्या दिवशी मी फळ्यावर 'कम' लिहिलं आणि त्याची सगळी भावंडं शेजारी मांडली. रिटर्न, रीच, अराइव्ह! गृहपाठ दिला, दहा वाक्यं लिहा, पण खऱ्याखुऱ्या माणसाला.

रुकय्याने लिहिलं: कम. कम होम. कम सून. कम फास्ट. रिटर्न. रीच रत्नागिरी. प्लीज कम. डॉटर वेटिंग. मदर वेटिंग. कम अ‍ॅट वन्स.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. अशी भाषा वहीत कोंडून ठेवायची?

"रुकय्या, हे पाठवायचं. आजच. फॅक्सने!"

"इंग्रजीत? टीचर, आमच्याकडनं इंग्रजीत फकत तार जाते. तीपन कोन गेला तरच."

"हीच समजूत तर मोडायची आहे आपल्याला!"

ती उठून आत गेली आणि कंपनीचा फॅक्स नंबर घेऊन आली. इतक्या चटकन, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पानाच्या वर 'होमवर्क' लिहिलं होतं, ते मी खोडलं. पत्राला शोभत नव्हतं ना!

चौथ्या दिवशी दुपारी वर्ग रंगात आला होता. रुकय्याची सासू, खैरून चाची, पायरीवर कोलंबी सोलत बसलेली. एवढ्यात मुंबईची जीप दारात थांबली. आतून सातजणं उतरली, सातही रडत. मागोमाग देवरूखचे पाहुणे. तेही रडत!

"या गो, या! काय खबर नाय, बात नाय?" चाची म्हणाली.

तिची थोरली लेक जागीच थिजली. "अम्मी, तू हायस?"

"मंग कुठं जानार?"

"मंग कोन गेला?"

"माका काय विचारतंस? रडत तुमी आलाव!"

आता मुंबईहून एवढी माणसं रडत येतात, म्हणजे काय? चाचीने क्षणात हिशेब जुळवला. "माझा अश्रफ!" म्हणून तिने जो टाहो फोडला, त्याने अर्धा मोहल्ला गोळा झाला. कुणी मौलवींना बोलवायला धावला. मी हातात खडू धरून खांबाला टेकून उभी.

तेवढ्यात रिक्षा आली आणि तिच्यातून अश्रफ उतरला. दाढी वाढलेली, अंगात कंपनीचा गणवेश, हातात एक प्लास्टिकची पिशवी. गल्फचा माणूस, आणि बॅगा नाहीत, ब्लँकेट नाही, अत्तर नाही! यावरूनच त्याची अवस्था ओळखा.

"अम्मी, तू जिवंत?"

"मेल्या, तू जिवंत?"

त्याने खिशातून घडी केलेला फॅक्स काढला. "साहेबानं वाचला नि बोलला, घरात कोनतरी मोठा गेला, तासाभरात नीघ. मी मस्कतच्या विमानतळावरनं मुंबयच्या भावाला फोन लावला."

सगळ्यांनी आधी फॅक्सकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या खडूकडे.

दाराआडून अश्रफची मुलगी बघत होती. तिने फोटोकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. पुन्हा फोटोकडे. आणि मग शहाण्यासारखा सलाम केला. फोटोला! एवढा मोठा क्रेनवाला, पायरीवर कोलंबीच्या टरफलांत बसून रडला.

आता कंपनीला काय कळवायचं? खोटं सांगून सुट्टी घेतली असं ठरलं, तर नोकरी जायची. मी तत्त्वनिष्ठ! म्हटलं, गैरसमज झाला असं सरळ लिहू.

"लिव गो," चाची म्हणाली, "म्हातारी हाय खाऊन बसली होती, पोराला बघून उठली. यात काय खोटा हाय?"

काहीच नव्हतं. मी लिहिलं. साहेबाचं उत्तर आलं, आईची काळजी घे, महिनाभर राहा.

दुसऱ्या दिवशी वर्गाला तीस बायका, प्रत्येकीच्या हातात एकेक फॅक्स नंबर! मी घाईघाईने 'ईट'चा धडा काढला.

वर्ग सुटल्यावर रुकय्या म्हणाली, "टीचर, तुमचा तो दिल्लीवाला? तुमी का नाय धाडत?"

धाडला. तोच फॅक्स, मुलगी आणि आई वगळून उरलेल्या आठ ओळी. संध्याकाळी निनादचा फोन आला.

"काय झालं? कोणी आजारी आहे का?"

"नाही रे. सगळे ठणठणीत आहेत."

"मग?"

मग काय, 'ये' म्हणायचं होतं. फळ्यावर त्याची खंडीभर भावंडं मांडणारी मी, पण मराठीतलं ते एक अक्षर काही मला म्हणता येईना.

"काही नाही. सहज."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून रुकय्याने कपाळावर हात मारला. "असा कोन खरा बोलतो, टीचर? सासू आजारी हाय म्हनायचा!"

"अगं, पण मला सासू कुठाय?"

"मंग सासू घेऊन तरी ये, असा म्हनायचा!"