भोंग्याचं तोंड

आमच्या गावात राजवाड्यामागच्या गल्लीत एका काकांचं माईकसेटचं दुकान होतं. घरोघरी नुकती केबल आली होती, तरी त्यांचा धंदा जोरात चाले. देवळाचा उत्सव असो, दर्ग्याचा उरूस असो की कुठल्याही पक्षाची सभा, ते स्वतः खांबावर चढून भोंगा बांधत आणि वरूनच विचारत, "तोंड कुठं करू?" परीक्षा असली तर शाळकरी पोरांची घरं मात्र न विचारताच टाळत.

"घटनेनं बोलायचा हक्क सगळ्यांना दिलाय बघा. मी आपली वायर जोडतो," असं हसून म्हणायचे.

एकदा एका सभेच्या लोकांनी तोंड मुसलमानांच्या गल्लीकडे करायला सांगितलं. त्यांनी केलं. वक्त्याने तासभर गरळ ओकली. सभा सुटल्यावर त्या गल्लीतल्या शिंपीभाईंचं दुकान जाळलं गेलं.

पुढच्या आठवड्यात भाई निषेधसभेसाठी माईक मागायला आले. काका मान खाली घालून म्हणाले, "आता कुणालाच देत नाही, भाई. सगळ्यांना एकच नियम."

भाई माईकशिवायच बोलले, घसा ताणून. आम्हाला अर्धंमुर्धंच ऐकू आलं. गर्दीच्या अगदी मागे माईकवाले काका उभे होते, कानामागे हात धरून.