मिस्टेक आणि फॉल्ट

शिनगारे सरांनी आम्हाला इंग्रजीचा एकटा शब्द कधी शिकवला नाही. धारूरच्या आमच्या शाळेत ते फळ्यावर नेहमी जोडी लिहायचे. "एकटा शब्द थापा मारतो. शेजारी त्याचा भाऊ उभा केला की खरं बोलतो," असं त्यांचं म्हणणं. 'सी' आणि 'लुक' शिकवताना त्यांनी विचारलं, "किल्ल्याच्या दरवाजापाशी बुरूज किती?" रोज किल्ल्यावरून येणाऱ्यांनाही सांगता येईना. "म्हंजी किल्ला तुमी नुसता 'सी' केलाय. उद्या 'लुक' करून या." दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग उशिरा आला, तरी सर कुणाला काही बोलले नाहीत.

वह्या तपासताना ते चुकीपुढे 'मि' किंवा 'फॉ' लिहीत. 'मि' म्हणजे मिस्टेक, नकळत झालेली. 'फॉ' म्हणजे फॉल्ट, चुकलंय हे कळूनही तसंच दडपून ठेवलेलं. मिस्टेकला शिक्षा नव्हती. फॉल्टला अख्खा धडा पुन्हा उतरवून काढावा लागे. पुढे मी शब्दकोशात पाहिलं, तर त्यात या शब्दांचे अर्थ अगदी असे नव्हते. सरांना त्याची फारशी फिकीर नसावी.

मी दहावीत असताना आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, नेहमीप्रमाणे दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले. मी मावशीकडे राहिले. बोर्डाच्या परीक्षेचा अर्ज मी फोटोसकट, वेळेत सरांच्या हातात दिला होता, कारण वर्गशिक्षक तेच. तो त्यांच्या कपाटात वह्यांच्या गठ्ठ्याखाली राहिला आणि मुदत उलटून गेल्यावर सापडला. वर्ष वाया गेलं असतं तर पुढच्या हंगामाला माझ्या हातात कोयता आला असता, आणि त्याआधी लग्न झालं असतं. आमच्या वस्तीवरच्या पोरींचं तसंच व्हायचं. मी ऑफिसबाहेर उभी राहून रडत होते.

मुख्याध्यापकांनी तोडगा काढला. पालक ऊसतोडीला बाहेरगावी असल्याने अर्ज उशिरा आला, असं बोर्डाला कळवायचं. "असंच लिहित्यात समदीकडं. तिच्या बापाला कोण विचारायला जातंय?" ते म्हणाले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, त्यांना माझं वर्षच वाचवायचं होतं.

सर म्हणाले, "अर्ज इसरलो ही माझी मिस्टेक. ती हिच्या बापाच्या नावावर टाकली, की फॉल्ट झाला. तेवढं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." त्यांनी चूक आपलीच, असं स्वतःच्या सहीचं पत्र लिहिलं आणि ते घेऊन बोर्डाच्या कार्यालयात खेटे घातले. शेवटी बोर्डानं मला परीक्षेला बसू दिलं. सरांना मात्र नोटीस मिळाली, सेवापुस्तकात नोंद झाली आणि मुख्याध्यापकपद त्यांच्या मागून नोकरीला लागलेल्या शिक्षकाला गेलं. याची टोचणी मला आजही आहे. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "तू पास झालीस ना? मग झालं."

गेल्या वर्षी सर वारले. मी आता अंबाजोगाईला नर्स आहे. रजा काढून अण्णांना सोबत घेतलं आणि सरांच्या घरी भेटायला गेले. सरांच्या मुलानं अण्णांना खुर्ची दिली आणि सरांशी तुमची ओळख कशी, म्हणून विचारलं. माझा समज होता की अण्णांना त्या अर्जाचं काहीच माहीत नाही. मी कधी सांगितलंच नव्हतं.

अण्णा खुर्चीवर अवघडून बसले होते. म्हणाले, "त्या वर्षी गुढीपाडव्याला आमी कारखान्यावरून आलतो. सर सोता वस्तीवर आले. उभ्यानंच म्हणले, तुमच्या पोरीचा अर्ज मी इसरलो, मला माफ करा. मला तर कायबी ठावं नव्हतं. न्हाई सांगितलं असतं तरी चाललं असतं." मग सरांच्या मुलाकडे वळून म्हणाले, "लेकरा, ट्रॅक्टर पलटला, मोळी सुटली, वजन कमी भरलं, जलमभर जे काय चुकलं ते माझ्याच नावावर आलं. येवढं येकच आलं न्हाई."