कळमन्यातल्या सीनमधली रिकामी जागा

नागपुरात महाल भागातल्या एका बोळात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या ताईंमुळे तो सीन माझ्या हातून गेला नाही. हे आधी लिहून टाकतो. पुढचं सांगताना मी घाई करतो आणि त्यांचंच सांगायचं राहून जातं.

मी कोल्हापूरकडचा. नववीत शाळा सोडली, घर सोडलं, आणि फिरत फिरत नागपुरात लग्नांचं शूटिंग करायला लागलो. राहायला शहराच्या टोकाला वाडी भागात, ट्रकांच्या गोदामामागे एक खोली. लग्नाच्या शूटिंगचा नियम एकच: प्रत्येकाचं तोंड दिसलं पाहिजे, मधोमध आणि भरपूर उजेडात. एक मावशी सुटली तरी फोन येतो.

कॉलेजात नाटक शिकवणारे एक सर छोटी फिल्म करत होते. त्यांच्या पुतण्याचं लग्न मी शूट केलं होतं, म्हणून मला विचारलं. सीन असा: बाप कळमना मार्केटात संत्र्यांच्या वजनकाट्यावर बसतो. मुलगी नोकरीसाठी दूर चाललीय, ते सांगायला येते आणि न सांगताच निघून जाते.

मी काय केलं? दोघांना शेजारी बसवलं, तोंडं कॅमेऱ्याकडे, वर लाईट. मग कॅमेरा हमालांवरून एकेक करत फिरवला, पंगतीवरून फिरवतात तसा. हमालांनी हातातली कामं सोडली, दुपट्टे नीट केले, रांगेत ताठ उभे राहिले. एकाने विचारलं, "भाऊ, हे टीव्हीवर कवा येईन?" लाईट अंगावर येताच बापाचं काम करणाऱ्या काकांनी सवयीने हात जोडले. सगळे हसले. सर हसले नाहीत.

"हे मार्केट आहे की रिसेप्शन?" लॅपटॉपवर बघून ते म्हणाले. "उद्या सकाळी एकदा करू. नाही जमलं तर मी दुसरा कॅमेरामन सांगतो."

घरी फोनवर मी आधीच सांगून बसलो होतो, फिल्म करतोय म्हणून. तसाच महालात गेलो. ताईंनी सीन एकदा पाहिला.

"ह्या पोरीले मधात काहून बसवलं गा?"

"दिसायला पाहिजे ना, ताई."

"ते तं चालली न घरून? मंग जाईन कुठून? तू तं तिले चारही बाजूनं कोंबून ठेवलं."

त्यांनी माझंच एक जुनं शूटिंग उघडलं. नवरीची गाडी निघालेली, माझा हात हललेला, आणि फ्रेमच्या कडेला नवरीचा बाप पाठमोरा, हातात तिची राहिलेली पाण्याची बाटली. बाकी फ्रेम नुसता रस्ता.

"हा तर खराब शॉट आहे. काढून टाका म्हटलं होतं तुम्हाला."

"नाई काढला. त्याईच्या घरून फोन आला, एवढाच तुकडा मोबाईलवर पाठवा म्हणे." मग माझ्याकडे वळून, "तोंडं पाह्याले अल्बम असते, बाप्पा."

सकाळी कॅमेरा काट्यामागे खाली ठेवला, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. अर्ध्या फ्रेममध्ये काकांची पाठ. उरलेल्या अर्ध्यात गेटपर्यंतची वाट, रिकामी. लाईट बंद. बॅटरी तीनदा पाहिली, लेन्स पुसली, परत पुसली. मुलगी पाठीशी येऊन उभी राहिली, थांबली, आणि गेटकडे चालायला लागली. कुणाचंच तोंड दिसेना. माझं बोट आपोआप झूमवर गेलं. दुसऱ्या हाताने ते धरून ठेवलं. डोक्यावर क्रेट घेतलेला हमाल मधून गेला, मुलगी झाकली गेली. तो सरकला तेव्हा ती आणखी लहान झालेली. काका काट्यावरचे आकडेच बघत होते. घरून निघताना मी मागे वळून पाहिलं नव्हतं. बाबा कसे उभे होते, की बसले होते, मला माहीत नाही.

सरांनी शॉट लॅपटॉपवर दोनदा पाहिला. मग म्हणाले, "पुढचा सीन लावा."

ताईंना फोन केला.

"पोरीचं तोंड दिसलं का?"

"नाही."

"मंग जमलं तुले. ठेव आता, मी काम करून राहिली."

अजून प्रत्येक शॉटला बोट झूमकडे जातं. ती सवय जाईल असं वाटत नाही. पण ताईंची मुलगी आता कॉलेजात आहे. तिचं लग्न होईल तेव्हा शूटिंग मी करणार. सगळ्या मावश्यांची तोंडं घेईन, फोन नकोत कुणाचे. ती गाडीत बसेल तेव्हा मात्र लाईट बंद करून ताईंच्या मागे उभा राहीन आणि समोरची वाट मोकळी ठेवीन. ते एडिटही मीच करीन. त्यांना त्या दिवसापुरतं एडिटिंगच्या खुर्चीवर बसू देणार नाही.