लाल टॅगचे दगड

दगडांना टॅग लावणारा माणूस आमच्या पिंपळे सौदागरात एकच, माझे शेजारी उद्धवराव भिसे. मूळचे लातूरकडचे. भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी ओतकामाचे सुटे भाग तपासले. धातू ओतताना हवा अडकली की आत भोक राहतं, त्याला कारखान्यात ब्लोहोल म्हणतात. ब्लोहोल दिसला की लाल टॅग, नाही तर हिरवा. लाल टॅगचा माल थेट भंगारात, त्याबद्दल विचारायचं नाही की रदबदली करायची नाही. एकदा त्यांनी सख्ख्या साडूनं ओतलेला अख्खा लॉट लाल केला. साडू अजून बोलत नाही. एवढं करून टॅगवर त्यांचं नाव कधीच आलं नाही, फक्त शिक्का : क्यू-सतरा.

निवृत्तीनंतर ते वाकडला एका टॉवरचा पाया खणताना बघत उभे होते. रिकाम्या माणसाला पोकलेनसारखी करमणूक नाही. सुरुंगानं फुटलेल्या काळ्या पाषाणात एक भोक निघालं आणि भोकात पांढरेशुभ्र स्फटिक, खडीसाखरेसारखे. उद्धवराव सवयीनं म्हणाले, "ब्लोहोल." आणि मग तिथंच बसले. लाव्हा थंड होताना हवा अडकली, पुढे त्या पोकळीत पाणी झिरपून स्फटिक वाढले, हे त्यांनी नंतर वाचून काढलं. जन्मभर ज्या दोषाला भंगारात धाडलं त्याच्याच प्रेमात म्हातारपणी पडायचं, ही चैन पेन्शनीतच जमते.

चार वर्षांत बाल्कनी भरली. चाकण असो की तळेगाव, खोदकाम तिथं उद्धवराव. कंपनीतले उरलेले टॅग घरात होतेच. हिरवट, गुलाबी स्फटिकांच्या दगडांना लाल टॅग. तुलनेसाठी आणलेल्या भरीव, मख्ख काळ्या दगडांना हिरवा.

"राव, आता तरी उलटं लावा की," मी एकदा म्हटलं.

"तपासणी म्हंजे तपासणी. भोक असंल तर लालच."

मग कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्या योगिनी मॅडमचा फोन आला. रविवारी येऊन त्या कॉलेजच्या कपाटासाठी दगड निवडणार होत्या आणि प्रत्येकाखाली उद्धवरावांच्या नावाचं कार्ड लागणार होतं. ही बातमी उद्धवरावांनी मला तीनदा सांगितली, तिन्ही वेळा सहज आठवल्यासारखी.

शनिवारी ते आणि त्यांच्या पत्नी सुमनताई लग्नाला लातूरला गेले. त्यांचा मुलगा निरंजन चाकणला क्वालिटीतच इंजिनीअर आहे. पाहुण्या येणार म्हणून तो बाल्कनी आवरायला लागला आणि माझ्याकडे ट्रॉली मागायला आला. मीही वीस वर्षं कंपनीत काढलेली. टॅग उलटे लावा असं मीच एकदा म्हटलं होतं, पण लाल टॅग दिसला की कंपनीची सवय डोक्याच्या आधी धावते; आम्हा दोघांनाही जराही शंका आली नाही. खाली पार्किंगच्या दुरुस्तीसाठी खड्ड्यात डबर भरत होते, तिथं अठ्ठावीस दगड नेऊन टाकले. संध्याकाळी वर काँक्रीट पडलं. मुकादमानं आमचे आभार मानले. हिरव्या टॅगचे दगड मात्र आम्ही धुऊनपुसून ओळीत मांडले.

रविवारी सकाळी उद्धवराव घरात शिरले आणि त्यांच्या मागोमाग योगिनी मॅडम. उद्धवराव त्या काळ्या ओळीकडे बघतच राहिले.

"बाबा, लाल टॅगचे सगळे स्क्रॅप केले. खाली खड्ड्यात..." निरंजन मोठ्या उत्साहानं म्हणाला, आणि बापाचा चेहरा बघून थांबला.

सुमनताईंनी पदर तोंडाला लावला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. उद्धवरावांचे डोळे भरले. पण रागवायची सोय कुठं होती? त्यांनी निरंजनच्या खांद्यावर हात ठेवला.

"कशाला घाबरालास? लाल टॅगला विचारायचं नसतंय. मीच शिकवलो की तुला."

मॅडमनी अवघडून एक काळा दगड घेतला.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं माझ्या गाडीवरून ते कपाट बघायला गेलो. वरच्या कप्प्यांत दुसऱ्यांनी दिलेले झगमगते स्फटिक. सगळ्यात खाली एक कार्ड : 'काळा पाषाण, भरीव. उद्धवराव भिसे यांच्या संग्रहातून.' उद्धवरावांनी ते दोनदा वाचलं. मग काचेला नाक लावून दगड नीट तपासला.

"एकबी भोक नाही," ते म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

परत आल्यावर मी गाडी रोजच्या जागी, त्या नव्या काँक्रीटवर लावायला लागलो.

"जरा बाजूला लावा राव," उद्धवराव म्हणाले. "खाली माल आहे."