परातीतले फोन आणि तारोडीचा टीव्ही

भाईंदरच्या नवघरमध्ये मला कुणी नावानं हाक मारत नाही. "ए केबल!" एवढंच. केबलचा धंदा बसला, गच्चीवरच्या वायरी उतरल्या, माझ्या डोक्यावरचे केस उतरले, हाक मात्र राहिली. एके काळी नवघरपासून गोडदेवपर्यंत ज्या घरात चित्र दिसायचं, ते माझ्या हातातून गेलेलं असायचं. मी एका गच्चीवर उभा राहून वायरीचं भेंडोळं फेकायचो आणि ते तीन बिल्डिंगी ओलांडून चौथ्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांना धक्का न लावता नेमकं टाकीपाशी पडायचं. खोटं वाटत असेल तर पापडवाल्या बाईंना विचारा. त्या आता दुसरीकडे राहायला गेल्यात आणि पत्ता माझ्याकडे नाही, हा भाग वेगळा.

काय दिवस होते! मी वरून ओरडायचो, "आलं का?" खाली चोवीस खिडक्यांतून एकदम उत्तर, "आलं! गेलं! अरे आलं, आलं, आता हात लावू नकोस!" मॅचच्या दिवशी लोक नगरसेवकाला नमस्कार करायचे आणि मला भजी द्यायचे. त्यावरून कोण मोठा ते ओळखा. आणि चोरून जोडलेली वायर? ती मी वासावर शोधायचो. पक्कड काढली, कच्चकन तोडली, की खालच्या कुठल्या तरी घरातून बायकांचा हंबरडा. चोर तिथेच सापडला!

मग चित्र हवेतून यायला लागलं आणि लोकांचे पैसेही हवेतच जायला लागले. मोबाइलवर कुठेतरी 'एक महिना फुकट' म्हणून बोट लावायचं, ते विसरायचं आणि पुढे जन्मभर भरत बसायचं. घरोघरी हेच. तेव्हा लोकांना पुन्हा माझी आठवण झाली. फरक एवढाच की पूर्वी मी जोडायला जायचो, आता तोडायला जातो. फी एक कप चहा. बोंबील तळलेले असतील तर नाही म्हणत नाही.

माझी पद्धत साधी आहे. घरातली कणीक मळायची परात मागायची. हॉलच्या मधोमध ठेवायची. घरातल्या प्रत्येकानं आपापला फोन परातीत टाकायचा आणि भोवती मांडी घालून बसायचं. मग मी दर महिन्याला पैसे कापल्याचे बँकेचे मेसेज एकेक करून मोठ्यानं वाचणार. ज्याचं असेल त्यानं सगळ्यांदेखत सांगायचं, हे कशाला पाहिजे. सांगता आलं तर राहील, नाही तर तिथल्या तिथे बंद. परातीपुढे खोटं बोलता येत नाही. आईच्या हातच्या पोळ्या आठवतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी बोलावलं. ही मंडळी गिरगावातून इकडे आली तेव्हा त्यांच्या घरात पहिली वायर मीच ओढली होती. काका छापखान्यातून रिटायर झालेले, कमी बोलणारे. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. रविवारची दुपार होती. परात पितळेची, तीन पिढ्यांची. त्यात चार फोन पडले आणि एकदम थरथरले, तेव्हा असा नाद घुमला की तळमजल्यावरच्या जोशीबुवांनी आरती समजून टाळ्या सुरू केल्या.

पहिला मुलगा सापडला. व्यायामाचं ॲप, चौदा महिने.
"एकदा तरी उघडलंस?" काकूंनी विचारलं.
"उघडलं ना. पासवर्ड विसरलो होतो, तेव्हा."
बंद. मग सूनबाईंचं जर्मन शिकायचं ॲप.
"बोलून दाखव पाहू," मुलानं डाव साधला.
"तुझ्यासाठी मराठी पुरते मला," सूनबाई म्हणाल्या. बंद.

मग काकू. त्यांचे फोटो ठेवायला इंटरनेटवर भाड्यानं घेतलेली जागा कधीच भरली होती, म्हणून दुप्पट मोठी घेतली होती, तीही भरली होती. उघडून पाहिलं तर आत कोटभर गुलाब. प्रत्येक गुलाबावर 'शुभ सकाळ'. दवबिंदूंसकट. एवढ्या दवात भाईंदरची मिठागरं वाहून गेली असती.
"आई, हे सगळं पुसू?" मुलानं विचारलं.
"लोकांनी प्रेमानं पाठवलेत रे."
"आणि तुम्ही ते पैसे देऊन साठवलेत," मी म्हटलं. काकूंनी पदर तोंडाला लावला, पण मान हलवली. आम्ही नातवाच्या बारशाचे फोटो बाजूला काढले आणि गुलाबांचा निरोप घेतला. लहान जागा पुरली.

शेवटी राहिलं टीव्हीवर सिनेमे बघायचं ॲप. महागातला प्लॅन, एका वेळी दोन टीव्ही चालणारा. घरात टीव्ही एक. मी जोडलेल्या टीव्हींची यादी उघडली. एक टीव्ही नवघरमध्ये. दुसरा उत्तनच्या बाजूला, रोज दुपारी दोन वाजता चालू.

माझ्या अंगात जुनी पक्कड शिरली. चोरीची वायर! इतक्या वर्षांनी! कुणाला काही विचारायच्या आत मी दुसरा टीव्ही काढून टाकला, पासवर्ड बदलला, प्लॅन अर्ध्यावर आणला आणि मांडीवर थाप मारली. "धरला! काकू, तुमच्या पैशावर तिकडे कुणीतरी सिनेमे बघतोय!"

कुणीच हसलं नाही. काका परातीच्या काठावर हात ठेवून बसले होते.

"काय केलंस तू हे?" ते म्हणाले. "तो तारोडीचा आहे. माझा."

मग काका बोलले. त्या आधीच्या वीस वर्षांत मिळून बोलले नसतील तेवढं बोलले. उत्तनजवळच्या तारोडी गावचा हा माणूस आणि ते एकाच छापखान्यात, समोरासमोरच्या मशीनवर. त्या धडधडीत माणसाचं बोलणं ऐकूच यायचं नाही. म्हणून दोघांची खूण ठरलेली. जेवायला उठताना आपली शाईची चिंधी मशीनच्या दांड्यावर टांगायची. समोरच्यानं चिंधी पाहिली की समजायचं, ठीक आहे, डबा खायला गेलाय. चिंधी नसली तर जाऊन बघायचं. एकदा चिंधी नव्हती म्हणून काका बघायला गेले, तर हा चक्कर येऊन मशीनखाली पडलेला.

मशीनच्या त्या आवाजानं पुढे त्याचे कान गेले. फोनचा उपयोग नाही. मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. बायको नाही, मुलगा बोटीवर, सून सकाळी शाळेत कामाला जाते ती संध्याकाळी येते. काकांनी त्याच्या टीव्हीवर आपलं खातं घालून दिलं. तो रोज दोन वाजता बोटीवरच्या मारामारीचा तोच एक जुना सिनेमा लावतो, थोडा बघतो आणि थांबवतो. मग काका इथे टीव्ही लावतात. सिनेमा कालच्यापेक्षा पुढे सरकलेला असला की समजायचं, ठीक आहे. नंतर काका दहा मिनिटं बघून थांबवतात. म्हणजे हेही ठीक. संपला की पहिल्यापासून.

"मला वाटायचं तुम्हाला तो सिनेमा आवडतो," काकू हळूच म्हणाल्या.

"भिकार आहे," काका म्हणाले.

घड्याळात पावणेदोन. मी आयुष्यात बऱ्याच वायरी तोडल्या, पण तेव्हा झालं तसं कधी झालं नव्हतं. तारोडीच्या सुनेचा नंबर काकांकडे नव्हता; त्या क्षणी दोनच गोष्टी हातात होत्या. प्लॅन पुन्हा वाढवला. मग काकांना स्कूटरवर बसवलं.

माझी स्कूटर उतारालाही ताशी तीसच्या वर जात नाही, पण त्या दिवशी राई, मुर्धा कधी मागे गेलं कळलं नाही. मिठागरांतले बगळे आमच्याबरोबर उडायला बघत होते आणि मागे पडत होते. काका मागून ओरडत होते, "हळू चालव, मी पोचलो पाहिजे ना!"

सव्वादोन झाले होते. दार उघडंच होतं. तो टीव्हीसमोर खुर्चीत, रिमोट हातात, पडद्यावर नुसती पासवर्डची चौकट. रविवार म्हणून सूनही घरी होती, तिचा चेहरा रडवेला. "पपा कधीचे बटणं दाबतात. बोलले, त्याला काय झालं हाय, मला घेऊन चल. मी बोलले, काय न्हाय झालं, टीवीच बिघडलाय. ऐकतच न्हाय." खुर्चीच्या पाठीवर त्याची टोपी आणि बाहेर जायचा शर्ट काढून ठेवलेला होता.

मग त्याला काका दिसले. तो उठला, काकांच्या दंडाला चिमटा काढला. काकांनीही काढला. झालं, एवढंच. मला वाटलं गळ्यात पडतील.

त्याच्या टीव्हीत मी नवा पासवर्ड घातला. रिमोटनं एकेक अक्षर, घामाघूम. सिनेमा लागला, त्यानं थोडा बघून थांबवला. मग मी काकूंना फोन केला आणि, काय सांगू, तोंडातून आपोआप तेच निघालं, तेवढ्याच जोरात. तारोडीची कुत्री उठली.

"काकू! आलं का?"

पलीकडून सूनबाईंचा आवाज, "आई, तिकडे नाही, खालच्या रांगेत बघा." मग काकू, माझ्या सगळ्या चोवीस खिडक्यांचं बळ एकटीच्या गळ्यात घेऊन:

"आलं! सरकलं बघ, सरकलं! आता हात लावू नकोस!"

चहा तिकडेच झाला. बोंबीलही होते, ताजे. परत आलो तेव्हा काकू टीव्हीसमोर बसून तो भिकार सिनेमा बघत होत्या. दहा मिनिटं झाली तशी त्यांनी थांबवला आणि रिमोट काकांच्या हातात दिला.