मिसेस रीनर्टकडचे पाहुणे

मंगळवार, ९ डिसेंबर १९८६. सकाळी पारा दहा फॅरनहाइटवर, उत्तरेचा वारा. बर्फ वितळायला पुढच्या पायऱ्यांवर मीठ टाकलं. दुपारी दोनला पाहुणे दोन, वेंडेलचे. दालचिनीचा केक. कॉफी दोनदा. पाहुणे पावणेपाचला गेले. रात्री फक्त सूप. चूक: आळस.

अडेलाबाई रीनर्ट यांच्या वहीत त्या दिवसाचं एवढंच आहे. नेब्रास्कातल्या हॅडली गावात त्यांच्याइतकी जुनी रोजनिशी कुणाकडे नसेल. चौदाव्या वर्षी त्यांना सिस्टरांच्या वसतिगृहात ठेवलं, तेव्हा सिस्टर हुबर्टा रोज संध्याकाळी प्रार्थनेआधी मुलींना लिहायला बसवायच्या. हवा कशी होती, कोण आलं, काय काम केलं, आणि शेवटी आपली आजची चूक. बाकीच्या मुलींनी शाळा सुटताच वह्या टाकून दिल्या. अडेलाबाईंनी साठ वर्षं लिहिलं. लग्नाच्या दिवशी लिहिलं, आणि नवरा गेला त्याही दिवशी लिहिलं.

नवरा लिओ टेकडीवरच्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलच्या संघाचं सामान सांभाळायचा. हेल्मेटचे पट्टे, खांद्यांच्या पॅडच्या नाड्या, बुटांचे खिळे, सगळं त्याच्या हातचं. फाटलेल्या जर्सी संध्याकाळी घरी यायच्या आणि अडेलाबाई त्या शिवायच्या. एकेचाळीस वर्षं हे चाललं. मूलबाळ नव्हतं. कोणत्या मुलाची कोपरं कुठे घासतात हे मात्र त्यांना जर्सीवरून कळायचं.

वेंडेल स्ट्राका त्या मुलांतलाच एक. खेळून, शिकून तो बाहेर गेला आणि कोच होऊन परत आला. तो आला तेव्हा संघ दहापैकी आठ सामने हरत होता. सहा वर्षांत त्याने चारदा अजिंक्यपद आणलं. लिओ गेला त्या रविवारी वेंडेल आणि त्याची बायको मार्लिस डबा घेऊन आले. पुढच्या रविवारी अडेलाबाई म्हणाल्या, "आज मी रांधते." तेव्हापासून चार वर्षं, रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर दोघं त्यांच्याकडेच जेवायची. सोमवारपासून बाई शनिवारच्या बाजाराची यादी करायच्या.

नोव्हेंबरच्या शेवटी एक दिवस वेंडेल एकटाच मागच्या दाराने आला.

"मिसेस रीनर्ट, तुमचं जेवणघर एका दुपारपुरतं द्याल?"

"कशाला? तुझ्या घराचं छप्पर उडालं का?"

तो हसला नाही. शेजारच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं होतं. सत्तर हजार माणसांचं मैदान, शनिवारी टीव्हीवर सामने. ते लोक गावात येणार होते, पण कुणाला दिसायला नको होते. हॉटेलात उतरले असते तर तासाभरात गावभर झालं असतं. "तुमच्या दारात कोणती गाडी उभी आहे हे कोण बघतंय?"

बाईंनी जेवणघर दिलं. एक पांढरा टेबलक्लॉथ इस्त्री करून अंथरला. मंगळवारी ते दोघे आले. एक त्या विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख, दुसरा वकील. बाई कॉफी ओतताना प्रमुख म्हणाले, "एक गोष्ट, कोच. शुक्रवारी आम्ही जाहीर करू. त्याआधी ही बातमी बाहेर फुटली, तर आम्ही तुम्हाला ओळखतही नाही. आमच्या यादीत दुसरं नाव आहे, तो माणूस दारातच उभा आहे."

पाहुणे गेले. वेंडेल टेबलापाशी बसून राहिला. केकचा उरलेला चुरा बोटाने गोळा करत म्हणाला, "तुम्हीच सांगा. जाऊ का?"

"मार्लिस काय म्हणते?"

"ती म्हणते, जाऊ या. तिची बहीण तिथे आहे. इथे तिला सहा वर्षांत सगळे कोचची बायकोच म्हणतात. तिचं नाव कुणी घेत नाही."

"आणि तू?"

"मी इथल्या प्रत्येक मुलाच्या आईला ओळखतो. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी शब्द दिलाय, तुमच्या पोराला मी चार वर्षं सांभाळीन. तिथे गेलो तर तो शब्द मोडतो. नाही गेलो तर जन्मभर वाटत राहणार, जमलं असतं की नसतं. लिओ काका काय म्हणाले असते?"

अडेलाबाईंच्या अगदी ओठावर होतं, नको जाऊस. तेवढे दोन शब्द त्या बोलल्या असत्या, तर निदान ते सरळ झालं असतं. पण आपण शहाण्या आहोत, दुसऱ्याच्या संसारात लुडबुड करत नाही, असा त्यांचा स्वतःबद्दल समज होता. त्या म्हणाल्या, "हे तुझं तू ठरवायचंस, वेंडेल. मी मध्ये पडणार नाही."

"रविवारपर्यंत वेळच नाही, नाहीतर जेवताना सगळं नीट बोललो असतो. उद्या रात्री त्यांना फोन करायचाय." तो उठला, त्याने कपबश्या सिंकमध्ये नेऊन ठेवल्या आणि गेला.

बुधवारी सकाळी बाई बेकरीत गेल्या. तिथे काउंटरपाशी स्टुलावर व्हर्जिल बसलेला असतो हे त्यांना ठाऊक होतं. व्हर्जिल गावच्या रेडिओवर खेळाच्या बातम्या द्यायचा आणि दहा वाजेपर्यंत तिथेच कॉफी पीत त्या गोळा करायचा.

"काय मिसेस रीनर्ट, चक्क विकतचे रोल? ओव्हन बिघडला की काय?"

"काल केला होता केक. पाहुण्यांनी फस्त केला."

"असं कोण खादाड आलं होतं?"

बाईंनी हातमोजे काढले, पर्स उघडली आणि अगदी सहज त्या विद्यापीठाचं नाव घेतलं. "तिथले क्रीडाप्रमुख. फार सभ्य गृहस्थ. तीन तुकडे घेतले आणि कृतीही विचारली."

व्हर्जिलचा कप हवेतच राहिला. "वेंडेलसाठी आले होते?"

"मी कुणाचं नाव घेतलंय का, व्हर्जिल?" मग काउंटरमागच्या मुलीला म्हणाल्या, "सहा रोल दे गं, आणि मनुकांचे नकोत."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सिस्टरांच्या शाळेत खोटं बोलायला त्या शिकल्याच नव्हत्या. घरी येईपर्यंत त्या हेच घोकत होत्या, मी खोटं बोलले नाही. अकराच्या बातम्यांत रेडिओवर आलं. त्या संध्याकाळी वहीत त्यांनी लिहिलं, बेकरीत गेले, सहा रोल. 'आजची चूक' लिहायची ओळ कोरी ठेवली. साठ वर्षांत तापाने फणफणल्या असतानाही ती ओळ कधी कोरी राहिली नव्हती. काहीच सुचलं नाही तर त्या 'आळस' लिहायच्या.

गुरुवारी विद्यापीठाने सांगितलं, स्ट्राका नावाच्या कुणाशी आमचं बोलणं झालेलं नाही. शुक्रवारी दुसऱ्या माणसाचं नाव जाहीर झालं. मग हॅडलीत काय विचारता! लोकांनी गाड्यांचे भोंगे वाजवत वेंडेलच्या घराला फेऱ्या घातल्या. कॉलेजचा बँड त्याच्या अंगणात उभा राहिला. थंडीने ट्रम्पेट गोठले, तरी पोरं वाजवत होती. वेंडेल स्वेटरवरच बाहेर आला आणि त्याने हात हलवला. मार्लिस बाहेर आली नाही. कोपऱ्यावरून बघणाऱ्या अडेलाबाईंना वरच्या खिडकीतला दिवा मालवलेला दिसला.

रविवारी दोघं जेवायला आली. बाईंनी मांसाचा रोस्ट केला होता, बटाटे, गाजरं, सगळं. मार्लिसने नीट वाढून घेतलं आणि काट्याने ताटात इकडून तिकडे सरकवत राहिली. ती म्हणाली, "मी तिथलं एक घर फोटोत पाहून ठेवलं होतं. मागे सफरचंदाचं झाड होतं." मग लगेच, "गाजरं छान झालीत."

वेंडेल म्हणाला, "ड्वेनला मी सांगितलंय, ख्रिसमसच्या आत ऑफिसातलं टेबल रिकामं कर, काम संपलं तुझं."

बाईंचा चमचा भांड्यातच थांबला. ड्वेन पाविक हा वेंडेलचा मदतनीस. बचावफळीच्या मुलांना तोच शिकवायचा. "ड्वेनला? का?"

"ठाऊक कुणाला होतं? मला, हिला, त्याला आणि तुम्हाला. व्हर्जिल त्याचा मेव्हणा."

"व्हर्जिलला विचारलंस?"

"तो म्हणतो, ड्वेन नव्हे. मग कोण ते सांगत नाही. मेव्हणा दुसरं काय म्हणणार?"

हीच वेळ होती. रविवारच्या उजेडात समोरासमोर तिघं बसलेली, सांगून टाकायला याहून सोपी जागा नव्हती. बाई उठल्या आणि जेवणानंतरचा गोड 'पाय' आणायला आत गेल्या. त्या 'पाय'चे तीन तुकडे केले, एकावर जास्त क्रीम घातलं आणि तो वेंडेलला दिला. त्या रात्री त्यांची जपमाळ अर्ध्यातच राहिली. दर वेळी त्याच मण्यावर येऊन त्या चुकायच्या.

सोमवारी दुपारी दारावर ड्वेनच उभा. हातात लिओची लोखंडी पेटी. हेल्मेटला रिव्हेट मारायची हत्यारं लिओ गेल्यावर बाईंनी त्याला दिली होती.

"ही परत द्यायला आलो. नव्या जागी कुठे घेऊन फिरू? आणि नवी जागा मिळेल असंही नाही. तोंड फाटकं म्हणून नाव झालंय."

"बस, ड्वेन."

"नको, बुटांना चिखल आहे. मिसेस रीनर्ट, मी सांगितलं नाही हो. बाकी गावाने काय समजायचं ते समजावं. तुम्हाला तेवढं माहीत असावं, म्हणून आलो. लिओने मला शिकवलंय."

"मला माहीत आहे," अडेलाबाई म्हणाल्या. "पेटी घेऊन जा तुझी. टेबल रिकामं करू नकोस. आजचा दिवस थांब."

त्या कोट चढवून निघाल्या. टेकडीचा रस्ता निसरडा होता, तरी गाडी न काढता चालत गेल्या. वेंडेल व्यायामशाळेखालच्या खोलीत बसून जुन्या सामन्याची फिल्म बघत होता.

"अहो, या बर्फातून? फोन करायचा होता की, मी आलो असतो."

"ते दिवे लाव, वेंडेल. आणि ते यंत्र बंद कर."

त्याने बंद केलं.

"व्हर्जिलला मी सांगितलं. बुधवारी, बेकरीत."

वेंडेलच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं. त्याने खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे निसटलं तोंडातून. व्हर्जिल आहेच तसला, भल्याभल्यांकडून काढून घेतो. असू द्या. बसा. चुकून बोललात ना?"

सुटकेचं दार त्याने उघडून धरलं होतं. एक मान हलवली असती की भागलं असतं. ड्वेन वाचला असता, रविवारही वाचले असते.

"चुकून नाही. मुद्दाम. तो साहेब काय म्हणाला ते मी कॉफी ओतताना ऐकलं होतं. बातमी फुटली की तू जाणार नाहीस, हे कळून मी बोलले."

"का?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

"मग मी विचारलं तेव्हा सांगायचंत ना! तुमच्याच टेबलावर बसून विचारलं होतं मी!" त्याचा आवाज चढला, बाहेर जिन्यावरून जाणारी दोन मुलं थबकली. त्याने उठून दार लावलं. "जायचं नाही असं मी ठरवलंही असतं कदाचित. खरंच सांगतो. बुधवारी सकाळी माझं मन इकडेच वळत होतं. आता ते मला कधीच कळणार नाही. आणि मार्लिसला मी कोणत्या तोंडाने सांगू की मी त्या मुलांसाठी नाही म्हणालो की गावासाठी? मी काहीच म्हणालो नाही. माझ्या वतीने तुम्ही म्हणालात."

अडेलाबाईंना एकटेपणाचं कारण देता आलं असतं, पण ते त्यांनी दिलं नाही.

"ड्वेनला सांगशील ना?"

"आत्ताच सांगतो." त्याने फोन उचलला, मग खाली ठेवला. "नाही, त्याच्या घरी जाऊन सांगतो. फोनवर माफी मागायची गोष्ट नाही ती." त्याने टोपी घेतली. दारात थांबला. "मी तुम्हाला घरी सोडतो. रस्ता निसरडा आहे."

घरापाशी उतरून त्याने बाईंना हात दिला, पायऱ्या चढवल्या. लिओच्या अंत्यविधीच्या दिवशीही त्याने असाच हात दिला होता. मग म्हणाला, "रविवारी आम्हाला जमणार नाही. पुढचं मार्लिस कळवेल."

"बरं," बाई म्हणाल्या.

ड्वेन कामावर राहिला. गावात व्हर्जिलने कुणाला काही सांगितलं नाही, वेंडेलनेही नाही. बेकरीत लोक बाईंना नेहमीसारखंच विचारत, "काय मिसेस रीनर्ट, आपला कोच राहिला की नाही?" आणि त्या म्हणत, "राहिला." मार्लिसचं काही कळवणं आलं नाही. मिसाला ती दोघं आता सकाळी आठला जायची, बाई दहाला.

कबुलीच्या त्या सोमवारी बाईंनी आधी बुधवारचं पान काढलं. कोऱ्या ओळीवर लिहिलं, 'वेंडेलच्या आयुष्यातला निर्णय चोरला.' सिस्टर हुबर्टा असत्या तर म्हणाल्या असत्या, वाक्य बरोबर आहे, अक्षर जरा तिरकं गेलंय.

एकवीस डिसेंबरच्या रविवारी त्यांनी सवयीने मोठा रोस्ट ओव्हनमध्ये घातला. तीन पौंडांचा, शनिवारीच आणलेला. बारा वाजता दोन ताटं जास्त काढली आणि परत फळीवर ठेवली. एकट्या जेवल्या. संध्याकाळी वही उघडून लिहिलं, हवा ढगाळ, पारा चौदावर, कुणी आलं नाही. उरलेल्या रोस्टचे पाच भाग करून, कागदात गुंडाळून, तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवले.